कोड आला म्हणून गिअरबॉक्स उतरवू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. खडी क्रशरवर चालणारा पाच टनी व्हील लोडर, त्याला झेडएफ कंपनीचा ४ डब्ल्यूजी २०० पॉवरशिफ्ट (तेलाच्या दाबावर क्लच धरून गिअर बदलणारा) गिअरबॉक्स, चार पुढचे आणि तीन मागचे गिअर. सकाळी गाडी व्यवस्थित चालते. दोन-तीन तासांनी गरम झाली की चालता चालता न्यूट्रल होते. डिस्प्लेवर ७६, ७९ आणि ८६ हे बिघाडाचे कोड आलटून पालटून येतात, सकाळी स्टार्टर मारताना कधी कधी डी३ दिसतो आणि एकदा बी२ येऊन गेला. अर्धा-पाऊण तास बंद ठेवली की पुन्हा चालायला लागते. वर्कशॉपवाल्यांनी कोड पाहून क्लच पॅक, म्हणजे क्लच प्लेटचे संच, गेले असं सांगितलंय आणि गिअरबॉक्स उतरवून ओव्हरहॉल करायचा खर्च लाखांत काढलाय. तर गिअरबॉक्स उतरवायचा का?

आत्ता तरी उतरवू नका. तुम्ही दिलेल्या पाच कोडपैकी चार सरळसरळ करंटचे आहेत. क्लच प्लेटशी थेट संबंध जोडता येईल असा एकच आहे, तो बी२, आणि तोही एकदाच आलाय. या माहितीवर गिअरबॉक्स उघडायचा निर्णय कुणीही घेऊ नये.

आधी हे कोड काय सांगतात ते बघू. या गिअरबॉक्सला ईएसटी-३७ए नावाचा कंट्रोलर असतो. गिअरबॉक्समध्ये सहा क्लच आहेत : पुढे जायचा केव्ही, मागे जायचा केआर, आणि के१, के२, के३, के४. प्रत्येकाला एक प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (करंटच्या प्रमाणात तेलाचा दाब देणारा), वाय१ ते वाय६. कंट्रोलर व्हॉल्व्हला करंट देतो आणि दिलेला करंट खरंच गेला का तेही मोजतो. यातूनच ७१ ते ८९ या पट्ट्यातले कोड तयार होतात. प्रत्येक क्लचला ओळीने तीन कोड आहेत. पहिला बॅटरी प्लसला शॉर्ट, दुसरा अर्थला शॉर्ट, तिसरा सर्किट तुटलेलं. के१ चे ७१, ७२, ७३. के२ चे ७४, ७५, ७६. के३ चे ७७, ७८, ७९. के४ चे ८१, ८२, ८३. केव्हीचे ८४, ८५, ८६ आणि केआरचे ८७, ८८, ८९.

म्हणजे तुमचे ७६, ७९ आणि ८६ हे के२, के३ आणि केव्ही या तीन व्हॉल्व्हचं सर्किट तुटल्याचे कोड आहेत. कंट्रोलरने करंट सोडला, तो गेला नाही, एवढंच त्याने नोंदवलंय. क्लच प्लेट जळाली, पिस्टनचं सील गेलं, बेअरिंग फुटलं, तरी वायरीतून जाणाऱ्या करंटवर त्याचा काही परिणाम होत नाही. जळालेल्या क्लच प्लेटमुळे ७६ येऊ शकत नाही. हा एवढा मुद्दा वर्कशॉपवाल्यांसमोर ठेवा आणि ओव्हरहॉल कशाच्या आधारावर सांगितला ते विचारा.

आता तीन वेगवेगळ्या व्हॉल्व्हची कॉइल एकाच आठवड्यात, तीही फक्त गरम झाल्यावर जाणं जवळपास अशक्य आहे. एकदम तीन कोड आले की तिघांमध्ये सामाईक काय आहे ते शोधायचं. तुमच्या गाडीत सामाईक गोष्टी चार आहेत : व्हॉल्व्हना जाणारी पुरवठ्याची वायर, केबिनकडून गिअरबॉक्सकडे येणारा हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, गिअरबॉक्सवरचा मोठा मल्टिपिन प्लग, आणि प्लगच्या आत व्हॉल्व्ह ब्लॉकच्या झाकणाखाली असलेला छोटा हार्नेस. कंट्रोलरमधून व्हॉल्व्हसाठी निघणारा पुरवठा दोन वाटांनी जातो, आणि तो कंट्रोलरपाशीच बिघडला तर डी५ किंवा डी६ येतो. तुमच्याकडे हे दोन्ही आलेले नाहीत. म्हणून माझा संशय कंट्रोलरवर नसून प्लगवर आणि आतल्या हार्नेसवर आहे. 'गरम झाल्यावर' हे तुमचे शब्द तिकडेच बोट दाखवतात. आतला हार्नेस सतत गरम तेलात असतो. वर्षानुवर्षं ८०-९० अंशांचं तेल पिऊन त्याचं इन्सुलेशन कडक होतं, पिनेला केलेलं क्रिम्प, म्हणजे दाबून बसवलेला जोड, सैल पडतं. थंड असताना तार पिनेला टेकलेली असते, गरम झाली की धातू प्रसरण पावतो आणि टेकणं सुटतं.

पण संशय म्हणजे निदान नव्हे, म्हणून मोजायचं कसं ते सविस्तर सांगतो. त्याआधी एक काम करा. आत्ता मेमरीत असलेले सगळे कोड मोबाईलवर फोटो काढून ठेवा, सोबत अवर मीटरचा फोटोही. तुमच्याकडे किंवा सर्व्हिसवाल्याकडे डायग्नोस्टिक टूल असेल तर कोणता कोड किती वेळा आला आणि कोणता आत्ता चालू आहे तेही लिहून घ्या. आलेला मेकॅनिक पहिल्यांदा काय करतो, तर कोड पुसतो. 'बघू परत येतो का' म्हणतो. पुसलेल्या कोडबरोबर बिघाडाचा सगळा इतिहास जातो. कोड दुरुस्ती झाल्यावर पुसायचे असतात.

ऑपरेटरलाही समोर बसवून विचारा. मालकाला आणि मेकॅनिकला तो जे सांगत नाही ते गाडी धुतानाच्या गप्पांत सांगतो. कोणत्या गिअरला न्यूट्रल होते? पुढे जाताना की मागे येतानाही? खड्ड्यात आपटल्यावर की सपाटीवर? गाडी शेवटची कधी धुतली, प्रेशर गनने धुतली का, बकेटला वेल्डिंग कधी झालं? या गिअरबॉक्समध्ये पुढचा पहिला गिअर केव्ही आणि के१ मिळून लागतो, दुसरा केव्ही आणि के२, तिसरा केव्ही आणि के३, आणि चौथा के४ आणि के३. मागचे तीन केआरबरोबर के१, के२, के३. हा तक्ता केबिनमध्ये चिकटवून ठेवा. पुढचे पहिले तीन गिअर गेले पण रिव्हर्स व्यवस्थित आहे, तर संशय केव्हीवर. पुढचा पहिला आणि मागचा पहिला दोन्ही गेले, तर के१ वर. कोड आणि ऑपरेटरचं म्हणणं या तक्त्यावर जुळलं पाहिजे. जुळत नसेल तर कुणीतरी चुकीचं सांगतंय किंवा बिघाड एकाहून जास्त आहेत. तुमच्याकडे तिन्ही क्लचचे कोड आलटून पालटून येतात, त्यामुळे गाडी थेट न्यूट्रल होणं हे कंट्रोलरचं योग्यच वागणं आहे. कोणता क्लच धरलाय याची खात्री नसताना तो गाडी चालू देणार नाही.

मोजणी सुरू करायची ती बॅटरीपासून. डी३ म्हणजे कंट्रोलरला मिळणारं व्होल्टेज कमी पडलं. २४ व्होल्टच्या गाडीत ही मर्यादा १८ व्होल्टची आहे. स्टार्टर मारताना व्होल्टेज १८ च्या खाली जात असेल तर बॅटरी, टर्मिनल किंवा अर्थची पट्टी यांपैकी काहीतरी कमजोर आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा. रात्रभर उभ्या गाडीत चांगली भरलेली १२ व्होल्टची बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. एक १२.६ आणि दुसरी १२.१ असेल तर कारण बहुतेक वेळा एकच असतं : कुणीतरी टेप, पंखा किंवा मोबाईल चार्जर एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट काढून जोडलाय. आपल्याकडे क्रशरवरच्या गाड्यांमध्ये हे सर्रास दिसतं. ज्या बॅटरीवरून काढलं ती कायम अर्धी भरलेली राहते, दुसरी जास्त चार्ज होऊन पाणी उडवते, आणि दोन्ही लवकर जातात. ते कनेक्शन आजच काढा, १२ व्होल्ट हवेच असतील तर २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावा. इंजिन चालू असताना दोन्ही मिळून २७.५ ते २८.५ व्होल्ट दिसले पाहिजेत.

त्यानंतर अर्थ. मल्टीमीटर ओहमवर ठेवून 'अर्थ चांगला आहे' म्हणणं ही आपल्याकडची सगळ्यात महागडी सवय आहे. वायरीच्या वीस तारांपैकी एकच तार शिल्लक असली तरी मीटर शून्याच्या जवळच दाखवतो, कारण मीटर अगदी नगण्य करंट सोडतो. खरा भार पडला की ती एक तार व्होल्टेज खाते. म्हणून अर्थ आणि पुरवठा दोन्ही भाराखाली तपासायचे. इंजिन चालू, हेडलाईट, वर्क लाईट, ब्लोअर सगळं चालू ठेवा. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, लाल पिन कंट्रोलरच्या अर्थच्या पिनेवर. इथे एक-दोन दशांश व्होल्ट ठीक. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर वाटेत कुठेतरी गंज, रंग किंवा सैल बोल्ट आहे. तसंच बॅटरीच्या प्लसपासून कंट्रोलरच्या पुरवठ्याच्या पिनेपर्यंत. चासी आणि इंजिन यांच्यामधली विणलेली पट्टी काढून, दोन्ही बाजू पॉलिश पेपरने चकचकीत करून पुन्हा बसवा. रंगावर बसवलेला अर्थ म्हणजे नसलेला अर्थ.

आता तुमचा मुख्य प्रश्न, तीन व्हॉल्व्ह. गाडी सपाटीवर, बकेट जमिनीवर, पार्किंग ब्रेक लावलेला, चाकांना ठोकळे, आणि मधल्या सांध्याचा लॉक बार बसवलेला. लॉक बार लावल्याशिवाय कुणालाही सांध्याच्या मध्ये वाकू देऊ नका, इंजिन बंद असलं तरीही. मास्टर स्विच बंद करून कंट्रोलरचा ६८ पिनांचा प्लग काढा. वायरिंग डायग्राम समोर ठेवून व्हॉल्व्हच्या पुरवठ्याची पिन आणि त्या त्या व्हॉल्व्हची पिन यांच्यामधला रोध मोजा. थंड गाडीत, साधारण २० अंशांना, प्रत्येक व्हॉल्व्हला सुमारे १९ ओहम यायला हवेत. सहाही मोजा, आणि सहाही लिहून ठेवा, कारण एकट्या आकड्यापेक्षा सहांची आपसातली तुलना जास्त बोलते. मीटरची जाड पिन मादी टर्मिनलमध्ये खुपसू नका. टर्मिनल एकदा फाकलं की आज नसलेला बिघाड तुम्ही स्वतः तयार केलात. त्याच मापाची नर पिन वायरला जोडून घ्या आणि ती वापरा.

गाडी थंड असताना सहाही चांगले येतील असा माझा अंदाज आहे. खरी मोजणी गरम असताना करायची. गाडी ढिगाऱ्यावर कामाला लावा, कोड येऊ द्या, आला की बाजूला घेऊन बंद करा आणि दहा मिनिटांच्या आत हीच मोजणी पुन्हा करा. इथे एका गोष्टीने घाबरू नका. तांब्याचा रोध दर १० अंशांना साधारण ४ टक्के वाढतो. २० अंशांना १९ ओहम असलेली कॉइल ९० अंशांना २४ ओहमच्या आसपास दाखवेल, आणि ती पूर्ण चांगली आहे. '१९ हवे होते, २४ आले' म्हणून चांगले व्हॉल्व्ह बदललेले मी पाहिलेत. तीन व्हॉल्व्ह २४ दाखवताहेत आणि तीन अनंत दाखवताहेत किंवा आकडा नाचतोय, तर बिघाड तुमच्या हातात सापडलाय.

मग गिअरबॉक्सवरचा प्लग काढा, तिथे गिअरबॉक्सच्या बाजूने हेच मोजा. इथे चांगलं आलं तर दोष बाहेरच्या हार्नेसमध्ये किंवा प्लगच्या बाहेरच्या अर्ध्यात आहे. इथेही तुटलेलं आलं तर आतल्या हार्नेसमध्ये. आतला हार्नेस बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागत नाही. व्हॉल्व्ह ब्लॉकचं झाकण गाडीवरच उघडता येतं. गॅस्केट नवीन, बोल्ट सांगितलेल्या टॉर्कने, आणि काम करताना वरून धूळ पडणार नाही एवढी काळजी. क्रशरवर हे काम उघड्यावर करू नका, गाडी ढिगाऱ्यापासून लांब घ्या, आधी आजूबाजूचं सगळं पुसून घ्या. व्हॉल्व्हच्या स्पूलमध्ये खडीचा एक कण गेला तर नवा बिघाड सुरू होतो.

प्लग उघडल्यावर पिना उजेडात धरून बघा. हिरवट बुरशी दिसली तर पाणी गेलंय. काळपट डाग म्हणजे सैल पिन तापतेय. राखाडी चिखल म्हणजे दगडाची पूड आणि पाणी, क्रशरवरच्या गाडीत हे हमखास असतं. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुवा, कोरडी हवा मारा, प्रत्येक पिन बाहेरून हळूच ओढून बघा. क्रिम्पमधून वायर सुटून हातात आली तर तोच तुमचा बिघाड. प्लगचं रबरी सील फाटलं असेल तर बदला. वरून इन्सुलेशन टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून प्लग 'वॉटरप्रूफ' करू नका, आत गेलेलं पाणी मग बाहेर पडायला जागाच राहत नाही. बाहेरच्या हार्नेसची शंका असेल तर २४ व्होल्ट २१ वॉटचा बल्ब त्या वायरीतून पेटवा. तो साधारण ०.९ अँपिअर घेतो, व्हॉल्व्हला लागतो त्याच घरातला करंट. बल्ब लख्ख पेटलेला असताना हेल्परला हार्नेस वीतभर वीतभर हलवायला सांगा, विशेषतः मधल्या सांध्यापाशी, जिथे गाडी वळताना हार्नेस रोज हजारदा वाकतो, आणि जिथे तो क्लॅम्पमधून निसटून चासीवर घासतो. बल्ब डोळा मारेल तिथे टेप काढून बघा. पावसाळ्यात उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही अशाच सापडतात.

आता त्या बी२ बद्दल, कारण वर्कशॉपवाल्यांचा सगळा भर त्यावर असणार. बी१ ते बी४ हे के१ ते के४ चे, बी५ केव्हीचा आणि बी६ केआरचा स्लिपचा कोड. पण कंट्रोलरला क्लच घसरताना दिसत नाही. त्याच्याकडे चार स्पीड असतात : इंजिनचा, टर्बाईनचा (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलातून जोडणाऱ्या टॉर्क कन्व्हर्टरची गिअरबॉक्सकडची बाजू), मधल्या गिअरमालिकेचा आणि आउटपुटचा. अमुक गिअर लागलाय, तर या स्पीडचं आपसात अमुक गुणोत्तर असलं पाहिजे हे त्याला माहीत आहे. हिशोब जुळला नाही की तो म्हणतो क्लच घसरला. म्हणजे सेन्सर चुकीचा सांगत असेल तरी आरोप क्लचवरच येतो. बी२ ची शक्य कारणं कंपनीच्या कोड-यादीत दिली आहेत, त्यात त्या क्लचचा प्रेशर कमी, मुख्य प्रेशर कमी, मधल्या स्पीड सेन्सरचा सिग्नल चुकीचा, आउटपुट सेन्सरचा सिग्नल चुकीचा, सेन्सरचं अंतर चुकीचं, ही सगळी येतात आणि 'क्लच खराब' हे शेवटी येतं. तुमच्याकडे तर के२ च्या व्हॉल्व्हचं सर्किट तुटतंय. करंट अर्धवट गेला, क्लच अर्धवट धरला, तेवढ्या क्षणात एकदा बी२ उमटला, असं मला वाटतं.

स्पीड सेन्सरवरून एक गाडी आठवते. दोन क्लचचे स्लिप कोड, गाडी मात्र ढिगाऱ्यात ताकदीने घुसत होती. घसरणारा क्लच असा घुसत नाही. सेन्सर काढला तर टोकाला लोखंडाच्या बारीक चुऱ्याची चांगली जाड दाढी उगवलेली. चुंबकीय सेन्सर आहे, तेलातला चुरा ओढणारच. पुसून, अंतर नीट लावून बसवला, कोड गेले. पण काम तिथे संपलं नव्हतं, कारण एवढा चुरा आला कुठून हा प्रश्न उरतो. फिल्टर कापून बघितला, तर एक बेअरिंग खायला लागलं होतं. ते वेळेत सापडलं म्हणून गिअर वाचले. इंडक्टिव्ह सेन्सरचा रोध साधारण १०५० ओहम असतो, दहा टक्के इकडेतिकडे. आउटपुटचा सेन्सर हॉल प्रकारचा, म्हणजे आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला, असतो. त्याच्या पिनांवर ओहममीटर लावून काही कळत नाही, त्याला पुरवठा देऊन सिग्नलच बघावा लागतो.

करंटचं सगळं स्वच्छ झाल्यावर प्रेशर घ्या. हे वगळू नका, कारण क्लचबद्दल खरं बोलणारी गोष्ट हीच. व्हॉल्व्ह ब्लॉकवर टेस्ट पॉइंट असतात. तेल गरम हवं. मुख्य कंट्रोल प्रेशर १६ ते १८ बारमध्ये असायला हवा. मग प्रत्येक क्लचच्या पॉइंटला गेज लावून तो क्लच लागल्यावर काय होतं ते बघा. मुख्य प्रेशरच कमी असेल तर पंप, सक्शनची जाळी, फिल्टर किंवा प्रेशर रेग्युलेटर. मुख्य ठीक आहे पण एकच क्लच लावल्यावर गेज खाली पडतो, तर त्या क्लचच्या सील रिंग किंवा पिस्टन गळतोय. असं असेल तर गिअरबॉक्स उतरवायला हरकत नाही, कारण आता तुमच्याकडे पुरावा आहे. सगळे क्लच प्रेशर धरताहेत आणि तरीही ढिगाऱ्यात एकाच गिअरला गाडी इंजिनचा आवाज वाढवून जागेवर थांबते, तर त्या क्लचच्या प्लेट गेल्या असू शकतात.

तेलाची पातळी गरम तेलावर, इंजिन आयडलला, न्यूट्रलमध्ये बघायची. थंड, बंद गाडीत काठीवर दिसणारी पातळी फसवते, कारण टॉर्क कन्व्हर्टर आणि कूलरमधलं तेल खाली उतरलेलं असतं. तेल झेडएफच्या टीई-एमएल ०३ या मान्य तेलांच्या यादीत बसणारंच घाला. 'इंजिन ऑइल चालतं, सगळे घालतात' असं ऐकून कुठलंही ओतलं की क्लचचं घर्षण बदलतं. टॉर्क कन्व्हर्टरनंतरचं तेलाचं तापमान कामात ८० ते ११० अंश ठीक, थोड्या वेळापुरतं १२० पर्यंत. स्टॉल टेस्ट (ब्रेक धरून, गिअर टाकून इंजिन पूर्ण रेस करणं) करायची असेल तर समोर माणूस नको, एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त नको, आणि १२० च्या जवळ काटा गेला की लगेच न्यूट्रल करून तेल फिरू द्या. तुमच्या आत्ताच्या कोडसाठी स्टॉल टेस्टची गरजच नाही.

तुमच्याकडे इतर कंपन्यांच्या गाड्याही असतील म्हणून थोडं त्याविषयी. बऱ्याच गाड्यांत कोड दोन आकड्यांत येतो, पहिला कोणतं सर्किट ते सांगतो आणि दुसरा, एफएमआय, बिघाड कसला आहे ते सांगतो. दुसराच आकडा लोक वाचत नाहीत. ३ म्हणजे व्होल्टेज जास्त, ४ म्हणजे कमी, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट तुटलेलं, ६ म्हणजे करंट जास्त, २ म्हणजे सिग्नल अधूनमधून विचित्र, ७ म्हणजे यांत्रिक भाग सांगितल्याप्रमाणे हालत नाही, आणि ० म्हणजे मोजमाप बरोबर आहे पण ते मोजमापच धोक्याच्या पातळीला गेलंय. १७७ हा गिअरबॉक्सच्या तेलाच्या तापमानाचा क्रमांक. १७७-० आला तर तेल खरंच तापलंय, गाडी थांबवा, कूलर साफ करा. १७७-३ आला तर तेलाचा काही संबंध नाही, सेन्सरची वायर बघा. दोन वायरींचा साधा सेन्सर असेल तर प्लग काढून हार्नेसच्या बाजूच्या सिग्नल आणि रिटर्नच्या पिना छोट्या वायरने जोडा, चावी चालू करा. कोड ३ वरून ४ झाला तर कंट्रोलर आणि वायरिंग दोन्ही ठीक, सेन्सर बदला. ३ वरच राहिला तर वायर तुटलेली आहे. मात्र पुरवठ्याची पिन असलेल्या तीन वायरींच्या सेन्सरवर डायग्राम न बघता हा प्रयोग करू नका.

कोमात्सुच्या डोझरमध्ये सहा अक्षरांचे कोड येतात. शेवटी केए असेल तर सर्किट तुटलेलं, केबी असेल तर शॉर्ट, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धी वाट कळते. कुठल्याही गाडीत एकसारख्या व्हॉल्व्हचे प्लग आपसात बदलून कोड हलतो का बघायचा मोह होतो. युक्ती चांगली आहे, पण फक्त इंजिन बंद ठेवून. पुढच्या आणि मागच्या क्लचचे प्लग उलटे असताना इंजिन चालू करून गिअर टाकला तर गाडी उलट्या दिशेला जाईल, आणि मागे तुमचाच हेल्पर उभा असेल. बऱ्याच साध्या बॅकहो लोडरमध्ये तर कोड देणारा कंट्रोलरच नसतो, तिथे टेस्ट लॅम्प आणि प्रेशर गेज एवढंच. आणि एकदम पाच-सहा कंट्रोलर 'संपर्क नाही' म्हणायला लागले तर मास्टर स्विच बंद करून कॅनच्या, म्हणजे कंट्रोलर ज्यावरून आपसात बोलतात त्या, दोन वायरींमध्ये ओहम मोजा. ६० हवेत. १२० आले तर दोन टोकांच्या रेझिस्टरपैकी एक सुटलाय किंवा वायर मध्येच तुटलीय.

बकेटचे दात किंवा पट्ट्या वेल्ड करायच्या असतील तर मास्टर स्विच बंद, बॅटरीच्या केबल काढलेल्या, कंट्रोलरचा प्लग काढलेला, आणि वेल्डिंगचा अर्थ वेल्डच्या अगदी शेजारी, त्याच तुकड्यावर. अर्थ मागच्या चासीला आणि वेल्डिंग पुढच्या बकेटला, असं केलं तर तो करंट वाट मिळेल तिथून, बेअरिंगमधून आणि हार्नेसमधून जातो. वेल्डिंगनंतर दुसऱ्याच दिवशी कोड सुरू झाले, असं ऑपरेटर म्हणाला तर ते मनावर घ्या.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि गाडी पूर्ण दिवस, नेहमीच्या लोडवर चालवा. तुमचा बिघाड गरम झाल्यावरचा आहे, वर्कशॉपच्या आवारात पाच मिनिटं फिरवून तो बरा झाला असं धरू नका. संध्याकाळी मेमरी पुन्हा वाचा. फक्त प्लग साफ केला किंवा आतला हार्नेस बदलला असेल तर एवढ्यावर काम होतं. व्हॉल्व्ह किंवा कंट्रोलर बदलला, किंवा पुढे कधी क्लच उघडले, तर एईबी करावंच लागतं. म्हणजे प्रत्येक क्लच भरायला लागणारा वेळ आणि प्रेशर कंट्रोलरला नव्याने शिकवणं. तेल ७५ ते ८५ अंशांवर, पार्किंग ब्रेक लावलेला, लिव्हर न्यूट्रलला, इंजिन आयडलला, आणि टूल लावून. हे न करता गाडी सोडली तर गिअर झटक्याने पडतात आणि नव्या प्लेट लवकर झिजतात. एईबी मध्येच थांबून एफ५ दाखवायला लागलं तर दोन-तीनदा हट्टाने पुन्हा चालवू नका, गेज लावून त्या क्लचचा प्रेशर आधी बघा.